पेटीचा वास

प्रिय बाईसाहेब,

रोज संध्याकाळी फोन असताना हा बाबा पत्र कसलं खरडतोय, असं म्हणशील. फोनवर नातू कानाशी ओरडत असतो, लेक शेजारी बसलेली असते, आणि माझं तोंड काही उघडत नाही. तू एकच विचारतेस, पेटीचा वास गेला का? आणि वर सांगतेस, गेला की इकडे पाठवून दे.

तू म्हणालीस, पेटी उन्हात ठेव. आता वाजवायची पेटी, की ती ठेवायची पेटी, हे माणसानं ओळखायचं कसं? मी आपला वाजवायची उचलून गच्चीत घेऊन गेलो, आणि कुबट पेटी राहिली पलंगाखाली. खालच्या मजल्यावरची नर्सबाई कपडे वाळत घालायला आली, तिनं कपाळावर हात मारून घेतला. तुझी पेटी वाचली, घाबरू नकोस. एक काळी पट्टी तेवढी दाबली की वर यायला आढेवेढे घेते. रुसली असेल.

मग त्या कुबट पेटीकडे वळलो. आतली मखमल कुजली होती, कोपऱ्यात उंदरानं संसार थाटला होता. शिंप्याच्या घरात अस्तराला वास, म्हणजे अब्रूच गेली की गं! सगळं टराटरा फाडून काढलं, खालचा गोंद खरवडला, लाकूड व्हिनेगरच्या फडक्यानं पुसलं, झाकण उघडं टाकून खडखडीत वाळवलं. खायचा सोडा पसरला, झाडला, पुन्हा पसरला. फडक्यात कोळसा बांधून आत ठेवला. आता दुकानात बसून निळ्या सॅटिनचं अस्तर लावतोय. गिऱ्हाईक विचारतं, मास्तर, हा कुणाचा कोट? म्हटलं, आमच्या बायकोचा, माप जरा चौकोनी आहे.

ते हसलं, गेलं. मग दुकानात मी आणि मशीन. घरी आलो की घर खायला उठतं. भाजीत मीठ जास्त पडलं तरी बोलणारं कुणी नाही, गुपचूप गिळतो. नातवाला सांभाळायला म्हणून चार दिवसांसाठी गेलीस, तो आता शाळेत जायला लागला. मी काही म्हटलं नाही. लेकीकडे तुला करमतं, तिथे बायकांना गाणं शिकवायचं तुझ्या मनात आहे, हे मला कळत नाही असं नाही.

पण एक खरं सांगतो. वास केव्हाच गेलाय. नाक खुपसून बघितलं, नर्सबाईलाही हुंगायला लावलं. तुला मात्र मी रोज सांगतो, अजून येतोय गं थोडा. गेला म्हटलं की तू पेटी मागवणार, आणि पेटी गेली की या घरात तुझं असं काय उरतं? रोजचा फोनही कशासाठी करशील? मला तुझ्याशिवाय राहवत नाही, हे फोनवर सगळ्यांदेखत या वयात कसं बोलू? म्हणून हे पत्र. रागाव हवं तर, पण लेकीला न विचारता तुझं तूच कळव. पेटी पाठवू, की तुला न्यायला येऊ?

तुझाच,
मास्तर