कागदावरचे सोयाबीन

अकोला, २१ ऑगस्ट २०२४

प्रिय साधना,

एप्रिलपासून तुला उत्तर दिले नाही, माफ कर. जुलैत रिटर्न भरायची गर्दी होती, हे कारण खरे आहे, पण पुरेसे नाही. तुझ्या अभ्यासातला, पत्रासोबत आलेला आलेख पाहिल्यापासून लिहायचीच शिसारी आली होती.

राज्यातले सरासरी करपात्र उत्पन्न, वीस वर्षांचे. रेघ वर वर चढत गेलेली आणि खाली तू पेनाने लिहिलेस, 'रागिणी, यात तुझाही हात आहे.' कौतुकानेच लिहिलेस. वीस वर्षे मी करसल्लागार भगवंतरावांच्या ऑफिसात लोकांचे रिटर्न भरते आणि दर जुलैत समोरच्या खुर्चीतून एकच प्रश्न ऐकते, "मॅडम, यंदा किती दाखवू?" किती कमावले, हे कोणी सांगत नाही. पोराला स्थळ पाहायचे असेल तर जास्त, फीची सवलत हवी असेल तर कमी. शिंप्याने माप घ्यावे तसे आम्ही आकडे बेततो, वर चहा पाजतो. तुझी रेघ त्यातून निघते.

बडनेऱ्याचा नागसेन तुला आठवेल, तुमच्या गेटचे वेल्डिंग त्यानेच केले. दुकानासाठी त्याला कर्ज हवे होते. तीन वर्षे उत्पन्न वाढवून दाखवू, हे मीच सुचवले. "ताई, काही लफडं तर नाही ना होनार?" त्याने विचारले होते. मी हसले होते. त्या दिवशी डायरीत मी 'एकाचे भले केले' असे लिहिले आहे. काल ते पान वाचले आणि स्वतःची किळस आली. कर्ज मिळाले, पण वाढवलेला आकडा एकदम खाली आणला तर डोळ्यांवर येतो, म्हणून यंदाही तोच ठेवला. आता त्याच्या पिंकीला नर्सिंगला प्रवेश मिळाला आणि शिष्यवृत्तीचा अर्ज परत आला. रिटर्न पाहून तहसीलने दिलेल्या दाखल्यात वडिलांचे उत्पन्न मर्यादेबाहेर. दुरुस्त अर्जाला शुक्रवारपर्यंत मुदत आहे.

काल दोघे ऑफिसात आले. नागसेन ओरडला असता तर बरे झाले असते. "ताई, एवढे पैसे मी कमावले कदी? मले तर दिसले नाहीत," एवढेच म्हणाला. पिंकीने विचारले, "मंग माही सीट जाते का?" ते गेल्यावर भगवंतराव म्हणाले, "तू कावून अंगावर घेऊन राहिली? सगळेच करतात." मीही वीस वर्षे हेच म्हणत आले.

आता ज्यासाठी बसले ते लिहिते. ज्या आठवड्यात नागसेनचे उत्पन्न वाढवले, त्याच आठवड्यात गजेंद्रभाऊजींचे, तुझ्या नवऱ्याचे, घटवले. शेतीला कर नाही, म्हणून त्यांच्या दवाखान्याची कमाई मी तुमच्या दर्यापूरच्या शेतात पेरली. ज्या वर्षी सोयाबीन शेंगा न धरताच पिवळे पडले, त्या वर्षी कागदावर ते सर्वांत जास्त पिकले. तुला माहीत होते का, हे मी कधी विचारले नाही. विचारले असते तर तुझ्या घरचे ताट सुटले असते, ते मला सोडवले नाही. एक वाढवला, एक घटवला, तुझी सरासरी जागच्या जागी. नागसेनचा आकडा माझा होता, असे मी लेखी देणार आहे. मग माझ्या बाकीच्या फायलीही उघडतील, त्यांत भाऊजींची आहे. त्यांना हे पत्र मिळताच सांग, स्वतःहून दुरुस्त करा म्हणावे. मी परवानगी मागत नाही. फक्त दुसऱ्याच्या तोंडून तुला कळू नये.

तुझीच, राहू दिलेस तर,
रागिणी

ता. क. उद्याचे ठरले आहे: सकाळच्या गाडीने बडनेरा, नागसेन आणि पिंकीसोबत तहसीलमध्ये जाऊन लेखी देणे.