गवताने बुजवलेलं दार

३ मार्च

खाल्ली! तिन्ही पिल्लं खाल्ली! सकाळी दार उघडलं तर थोरली घरट्याच्या तोंडाशी बसून मिशा पुसत होती. आत शेपटीचा एक तुकडा, बाकी काही नाही.

परवा तिने नराला चावून हाकललं, कपारीचं तोंड गवताने बुजवून घेतलं. व्यायलेली मादी हेच करते, आणि मग आठ दिवस कुणाला तोंड दाखवत नाही. थोरलीने दुसऱ्याच दिवशी दार फोडलं.

दोन वर्षांतली ही पाचवी वीण. एकही पिल्लू हाती लागलेलं नाही.

४ मार्च

साहेबांच्या खोलीत तासभर उभी. बसा म्हणायची पद्धत नाही.

'उंदीर ते, उंदीर! लोकांच्या घरात न मागता वितात. तुम्हाला सगळं पुरवून जमत नाही?'

नवव्यांदा सांगितलं की झुपकेशेपटी खडकउंदीर म्हणजे मोरीतली घूस नव्हे. एका वेळी दोन-तीनच पिल्लं. टेकडीवर खाण सुरू झाल्यापासून सहा वर्षांत रानात एकही दिसलेला नाही. आता जे काही उरलेत ते आमच्या प्राणिसंग्रहालयात चौदा आणि नदीपलीकडच्या केंद्रात एकोणीस. आमच्या चौदांत विण्याजोग्या माद्या दोनच — थोरली आणि बुटकी.

साहेबांनी एवढंच विचारलं, 'नदीपलीकडच्यांची जगली का?'

नाही म्हटलं. त्यांच्याकडेही हेच रडगाणं. साहेबांचा चेहरा उजळला!

६ मार्च

आज मावशींवर ओरडले. बावीस वर्षं पिंजरे साफ करताहेत. माझ्याही आधीपासून आहेत. पण डोक्याला तेल चोपडून येतात आणि तो वास खोलीभर राहतो. आई बिथरायला आणखी काय लागतं?

'बाई, हे तेल मी पहिल्या दिवसापासून लावते. तेव्हा नाही ते बिथरले?'

उलट उत्तर आलं की माझं डोकं फिरतं. साहेबांना लेखी दिलं. संध्याकाळपर्यंत त्यांची बदली झाली — फाटकावरच्या तिकीट खिडकीत.

९ मार्च

पिंजरे आता मीच घासते. कंबरेचे टाके ढिले झाले.

१५ मार्च

बिछान्याचं गवत बदललं. दिवे बदलले. खोलीत जाताना चपला काढून मोजे घालते. बिजागरांना तेल दिलं. बुटकीचं पोट दिसायला लागलंय.

घरीसुद्धा आवाज सहन होत नाही. नवऱ्याने दुरुस्तीला आणलेलं शिलाई मशीन चालवून पाहिलं तर मी खेकसले. तो शांतपणे म्हणाला, 'तुझ्या उंदरांचं बाळंतपण होईपर्यंत घरात खुणांनी बोलायचं का?' मला हसू आलं नाही. त्यालाही आलं नसावं.

२८ मार्च

बुटकीने दार बुजवलं! आत काय ते बघायचं नाही. अजिबात नाही.

३० मार्च

दार फुटलेलं. दोन होती. दोन्ही खाल्ली.

मावशी नव्हत्या. तेलाचा वास नव्हता. म्हणजे — पुढचं लिहवत नाही.

७ एप्रिल

छपराखालची वटवाघळं मोजायला एक काका आले होते. आयुष्यभर रेल्वेचं इंजिन चालवून निवृत्त झालेले. एका कानाने ठार बहिरे. त्यांच्याकडे एक छोटं यंत्र आहे, माणसाला ऐकू न येणारे आवाज ऐकवणारं. भर दुपारी व्हरांड्यात ते चालू करून पाहिलं आणि ते तडतडायला लागलं.

'बिघडलं वाटतं,' काका म्हणाले. 'वटवाघळं तर झोपलीत!'

पण उंदरांच्या खोलीकडे वळलं की तडतड वाढायची. मी त्यांना मोजे घालायला लावून आत नेलं. यंत्र नुसतं किंचाळत होतं! चारापाण्याच्या कपाटामागे, भिंतीवरच्या प्लगात, एक पांढरी पेटी. त्यावर लाल ठिपका.

काकांनी चष्मा वर करून मागचं लेबल वाचलं. 'अहो, हे तर उंदीर पळवायचं यंत्र आहे!'

मी तिथल्या तिथे बटण बंद केलं.

८ एप्रिल

कुणी लावली? वायरमनला फैलावर घ्यायच्या तयारीने गेले. तो बिचारा फाईलच घेऊन आला. 'अर्ज आला होता, बाई.'

'धान्याच्या कोठीत घरउंदीर फार झाले आहेत. तातडीने बंदोबस्त व्हावा.' खाली सही. माझी.

तारीख सव्वादोन वर्षांपूर्वीची. कोठीत प्लग नाही म्हणून त्याने भिंतीच्या अलीकडे, माझ्या उंदरांच्या खोलीत लावली. मी कधी विचारलंसुद्धा नाही की बंदोबस्त म्हणजे काय केला.

दिवसभर एकच गोष्ट डोक्यात फिरतेय. ही पिल्लं आंधळी जन्मतात, गारठली की ओरडतात. तो आवाज इतका बारीक की आपल्याला ऐकू येत नाही. आईला येतो. मग ती त्यांना पोटाखाली ओढून घेते. पेटीच्या त्या कलकलाटात तिला काय ऐकू येणार? गार पडलेलं, हाक न देणारं पिल्लू तिच्या लेखी मेलेलंच. ती ओरडत असतील. सहाही विणींतली ओरडत असतील.

९ एप्रिल

वायरमनवर ढकलता येईल. कपाटामागची पेटी कुणाला माहीत? हा विचार मनात आला, म्हणून लिहून ठेवते.

नवऱ्याला सांगितलं. त्याने हातातला स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला. 'मावशींना सांगितलंस?'

१० एप्रिल

तिकीट खिडकीशी गेले. 'किती?' — मावशींनी मान वर न करता विचारलं. मी तिथेच उभ्याने सगळं सांगितलं. अर्ज, सही, पेटी. मागे माणसं ताटकळलेली.

'बाई, रांग आहे.'

जेवणाच्या सुट्टीपर्यंत बाकावर बसून राहिले. मग त्या बाहेर आल्या. डबा उघडला नाही.

'तेलाचं मला काही वाटलं नाही. पण घरी सुनेने विचारलं, असं काय केलंत हो, की उंदरांनी आपली पोरं खाल्ली? काय सांगायचं मी तिला?'

मी म्हटलं, चुकले. परत या.

'हाकललंत लेखी. बोलवाही लेखीच.'

बरोबर आहे.

११ एप्रिल

पेटी काढून टाकली. जनावरांच्या डॉक्टरांना बोलावून दोघींना तपासलं. बुटकी चार वर्षांची, थोरली तिच्याहून मोठी. 'आता विणार नाहीत,' डॉक्टर म्हणाले. आणि बाकीच्यांत माद्या उरल्या आहेत त्या म्हाताऱ्याच.

म्हणजे मला कळलं, पण कळून उपयोग शून्य! हात भिंतीवर आपटला. अजून दुखतोय.

साहेबांना चार पानी अहवाल दिला. माझा अर्जही जोडला. त्यांनी वाचला, दार लावून घेतलं.

'हे फाडा. उंदीर वाढवणाऱ्या खोलीत उंदीर पळवायचं यंत्र! जग हसेल. पेटी काढलीत ना? झालं तर. नदीपलीकडच्यांना तर वाराही लागता कामा नये.'

मावशींना परत बोलवायच्या कागदावर मात्र सही केली. न वाचता.

१४ एप्रिल

अहवाल नदीपलीकडे पाठवला. अर्जासकट, सहीसकट. पोस्टात टाकताना वाटलं, कशाला हे? त्यांची पिल्लं कशाने मरतात देव जाणे. नुसती आपलीच अब्रू वेशीवर टांगायची. तरी टाकला.

१६ एप्रिल

साहेबांना कळलं. लेखी समज मिळाली. शब्द अगदी माझ्या अर्जातलेच — 'तातडीने', 'बंदोबस्त'.

मावशी रुजू झाल्या. तेल लावूनच आल्या. माझ्याशी कामापुरतंच बोलतात.

२१ एप्रिल

नदीपलीकडून तिथल्या बाईंचा फोन. आम्ही कधी भेटलेलो नाही. ओळख ना पाळख, एकदम सुरूच झाल्या — 'पत्र वाचलं आणि आम्ही सगळे उठून भिंती बघत सुटलो. आमच्याकडे दोन पेट्या निघाल्या.'

मग म्हणाल्या,

'ताई, आमच्या सहा माद्या अजून तरण्या आहेत हो.'