मनाला येईल ते

गुरुजी, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की तुमच्यासमोर कविता म्हणणाऱ्यांतले आता मोजकेच उरलोत. हिर्डोशीच्या शाळेत आम्ही चालीवर कविता म्हणतोय, बाहेर भाताची खाचरं चमकतायत आणि तुम्ही डोळे मिटून ऐकताय, हे अजून दिसतं. एकदा साऱ्या वर्गानं कवितेचा अर्थ गाईडातून उतरवून आणला. तुम्ही म्हणालात, "अर्थ बरोबर आहे, पण तुमचा नाही. आईला कविता म्हणून दाखवा, ती काय म्हणते ते लिहून आणा." माझी आई भाकरी थापत होती. ऐकून म्हणाली, "लई एकटा दिसतोय बिचारा." तेवढंच लिहून नेलं, तर तुम्ही ते वर्गाला दोनदा वाचून दाखवलंत.

हे आठवायचं कारण माझी नात. वरव्याजवळच्या एका कारखान्याच्या ऑफिसात ती गिऱ्हाइकांची पत्रं लिहिते, तक्रारी निस्तरते. आता मोबाईलात एआय नावाचं नवं गाईड आलंय, विचाराल ते लिहून देतं. नात ते उघड वापरते, मग खाडाखोड करून आपल्या शब्दांत आणते. तिचा साहेब तिला चारचौघांत हिणवतो, "मॅडमचं डोकं भाड्याचं आहे." आणि मागं एका कामगाराची आई गेली, तेव्हा ह्याच साहेबानं ग्रुपवर दुखवट्याचा मजकूर टाकला. खाली शेवटची ओळ तशीच राहिलेली: 'हवे असल्यास हा मजकूर अधिक भावपूर्ण करून देऊ का?' कुणाच्या आईसाठी स्वतःच्या दोन ओळी ज्याला सुचत नाहीत, त्यानं दुसऱ्याच्या डोक्याचं भाडं काढावं.

नातीनं नोकरी बदलायचं ठरवलं. कंपन्यांना माणसं शोधून देणारे असतात, रिक्रूटर म्हणतात त्यांना. तसल्या एका बाईचा पुण्याहून फोन आला. रेंज मिळावी म्हणून नात ओट्यावर, शेजारी मी, दारात सूनबाई. आपल्याकडं भल्या माणसाला कुणी आपला भाव सांगत नाही, तुम्हाला माहीत आहे. माझ्या वडिलांनी विचारलं होतं, "पोराच्या शिकवणीचं काय द्यायचं, गुरुजी?" तुम्ही म्हणालात, "मनाला येईल ते." आणि सुगी झाली की वडील निवडलेला तांदूळ पाठीवर घेऊन तुमच्या दारात. कमी दिलं तर देणाऱ्याचीच मान खाली जायची, म्हणून ते चालत होतं. मी नातीलाही तेच शिकवलं. ह्या साहेबाला ती म्हणाली होती, "तुमच्या मनाला येईल ते द्या." त्यानं खरोखर तेवढंच दिलं. त्याचं मन केवढं, ते दर महिन्याला पगारावरून कळतं.

बाई मात्र लई गोड. "ताई, आधी आताचा पगार सांगा ना."

"तो कशाला? काम तर नवं आहे."

"बरं, एआय येतं ना? कंपनीत ते लागतंच."

"येतं."

"मग अर्धं काम तर तेच करणार. त्या हिशोबानं थोडं कमी सांगा."

म्हणजे येत नसेल तर नोकरी नाही, येत असेल तर पगार नाही. बैलबाजारातला दलाल बरा, तो निदान बैलाचे दात तरी बघतो.

सूनबाई दारातून कुजबुजली, "अगं, देत्यात ते घे की. न्हाईतर बस त्या सायबाचं ऐकत."

नात हसली. "असं करा मॅडम, अर्ध्या कामाचा इंटरव्ह्यू त्याचा घ्या. माझ्या अर्ध्याचे एवढे," म्हणून तिनं आकडा सांगितला. आताच्या पगाराच्या दुपटीहून जास्त. पलीकडून "विचारून सांगते," म्हणून फोन बंद.

सूनबाई म्हणाली, "गेली हातची." मला, गुरुजी, आकडा ऐकूनच लाज वाटली. आपल्या घरच्या पोरीनं तोंड उघडून इतकं मागावं. त्या बाईला मनात शिव्या घालत होतो, तरी मान माझीच वर होईना.

आज बाईचा फोन आला. कंपनीला कबूल, घासाघीस नाही. सूनबाईनं देवापुढं साखर ठेवली, नात माझ्या पाया पडली. हे पत्र कुठं टाकायचं नाही, म्हणून सांगतो. आशीर्वाद तोंडातून निघायच्या आधी माझ्या मनात आलं, लगेच हो म्हणाले, म्हणजे पोरीनं कमीच मागितलं.