कन्हानचा समेट

७ एप्रिल १९७४, झावळ्यांचा रविवार.
पाळकसाहेबांचा उपदेश: भावाशी समेट केल्याशिवाय प्रभुभोजनाला येऊ नका. काळजाला भिडला. ईस्टरला प्रभुभोजनाच्या भाकरीचं ताट फिरवण्याचा मान यंदा माझा. मन शुद्ध हवं. आईच्या शोकसभेत मी सगळ्या मंडळीसमोर म्हणालो होतो, आजारपणात मधुकरदादा फिरकलासुद्धा नाही. वास्तविक दोन वर्षं तिचं सगळं त्यानंच केलं. मी दोनदा गेलो. बोलण्याच्या ओघात झालं. उद्याच कन्हानला जाऊन त्याची माफी मागणार. ठरलं म्हणजे ठरलं.

८ एप्रिल.
पांढरा शर्ट धोब्याकडे. माफी मागायला चुरगळलेल्या शर्टात जाणं बरं दिसत नाही.

९ एप्रिल.
शर्ट आला. बसस्टँडपर्यंत गेलो. बस गच्च, ऊन मरणाचं. पत्रात जास्त मोकळं होता येईल असं वाटलं. परतलो.

१० एप्रिल, सकाळी ७.
पत्र झालं. चार पानं, बायबलची सहा वचनं. फारच सुंदर. बायकोला, पुष्पलताला, वाचून दाखवलं. म्हणाली, "अहो, याच्यात तर तुमीच त्याले माफ करून राहिले!" तिला शैली कळत नाही. पत्र खिशात ठेवलं.

१२ एप्रिल, उत्तम शुक्रवार.
प्रभूच्या मरणाचा दिवस. कडक उपास. उपासनेत माझे डोळे भरून आले. बऱ्याच जणांनी पाहिलं. आज प्रवास शोभत नाही. दादाची मनातल्या मनात माफी मागितली. हलकं वाटलं.

१३ एप्रिल.
निघणारच होतो, पण चर्चची ताटं घासायची राहिली होती. तीही सेवाच.

१४ एप्रिल, ईस्टर.
दादा आला होता. शेवटच्या बाकावर. ताट पुढे केलं तर भाकर घेईना. हळूच म्हणाला, "नाही गा अनंता. तुह्यावरचा राग गेला नाही अजून. खोटं कसं घेऊ?" सगळे वळून त्याच्याकडे पाहू लागले. मी माझा तुकडा घेतला.

बाहेर पाळकसाहेबांनी मला बाजूला घेतलं. भावाच्या हातून काही पाप घडलंय का, विचारलं. सांगायची हीच वेळ होती. तोंडही उघडलं. म्हणालो, त्याच्यासाठी प्रार्थना करू या. त्यांनी माझा हात घट्ट धरला. असा भाऊ मिळायला भाग्य लागतं म्हणाले, आणि तिथेच प्रार्थना सुरू केली. दादा एकटाच फाटकाबाहेर पडत होता. त्याला हाक मारायची होती. खरंच मारायची होती. मी डोळे मिटले आणि आमेन म्हणालो.