झिंग्याच्या गोळ्या

११ डिसेंबर १९९८

इतवारीच्या हातातलं वल्हं हिसकलं नसतं तर आज झिंग्याचं डोकं फुटलं असतं. आणि मग इतवारीचं — माझ्या हातानं!

तलावाच्या पाळीवर जाळं सोडवत होतो. झिंग्या बाजूला शेपटी हलवत बसलेला. एकदम उठला, स्वतःभोवती फिरला, आणि लाकडासारखा आडवा. पाय हवेत पळत होते. तोंडाला फेस. डोळे उघडे, पण त्यात कोणी नाही.

"पिसाळला बे! मारा!" — इतवारी. सगळे मासे टाकून पाळीवर चढले. मी झिंग्याच्या अंगावर पडलो. म्हटलं, आधी मले मार! इतवारी आम्हा मासे मारणाऱ्या ढिवरांतला सगळ्यात जुना, माझ्या आज्याच्या वयाचा. त्याला काय काय बोललो ते लिहिण्यासारखं नाही.

थोड्या वेळानं झिंग्या उठला. मला ओळखेना. बेशरमाच्या झुडपात डोकं घालून उभा राहिला. मग हळूच येऊन हात चाटला, जसं काही झालंच नाही.

घरी बाप म्हणतो, "चंद्रपूरले शिकाले धाडला, त घेऊन आला काय? कुत्रा! तोही असा!"

खरं आहे. होस्टेलच्या मेसवाल्यानं याच्यावर उकळतं पाणी फेकलं, मी मेसवाल्याला ठोकला. माफीनामा लिही म्हणाले. लिहिला नाही. बीएस्सीचं दुसरं वर्ष तिथंच राहिलं. मी आणि झिंग्या एकाच एसटीनं गावी आलो, तो पोत्यात. झोपला की तळ्यातल्या झिंग्यासारखा वाकडा होतो, म्हणून हे नाव.

मारतात म्हणे! या म्हणावं.

१४ डिसेंबर

गोंडपिपरी. गुरांच्या दवाखान्यातला डॉक्टर बरा माणूस. डोळ्यांत बॅटरी मारून पाहिली. पिसाळलेला नाही, मिरगी आहे. माणसाला येते तीच. गोळ्याही माणसाच्याच, रोज अर्धी. आली की कुशीवर कर, तोंडात काही घालू नको, संपेपर्यंत जवळ बस. आणि एक गोष्ट बोट नाचवून सांगितली — "सुरू केल्या की एकदम बंद करायच्या नाहीत. बंद केल्या की पहिल्यापेक्षा जोरात येते."

मेडिकलवाला चिठ्ठी वाचून हसला. "पेशंटचं नाव झिंग्या? कुत्र्याले मिरगी? उद्या म्हणशीन कोंबडीले शुगर!" दुकान हसलं. कडक गोळ्या आहेत म्हणे, माणसाच्या डॉक्टरची, माणसाच्या नावाची चिठ्ठी पाहिजे. मी काउंटरवरची बरणी उचलून आपटली. हाकललं. पलीकडे दुसरं दुकान आहे, ते त्याच्याच भावाचं!

रिकाम्या हातानं परत.

२१ डिसेंबर

काल दोनदा. एकदा चुलीजवळ. शेपटी भाजली. मायनं पाणी ओतलं आणि रडली. कुत्र्यासाठी का माझ्यासाठी, विचारलं नाही.

२३ डिसेंबर

आचल आली होती! स्वतःहून!

केवळरामभाऊ मच्छी सोसायटीचे सेक्रेटरी झाल्यापासून त्यांची पोरगी आमच्या आळीत पाय ठेवत नाही. सातवीपासून मी तिच्यामागे वेडा, हे तळ्यातल्या मासोळ्यांनाही माहीत. आज आली आणि ओढणीच्या गाठीतून पुडी काढली. गोळ्या. त्याच!

"कुठून आणल्या?"

"मामा राह्यते ना नागपूरले. त्यायनं धाडल्या. जास्ती विचारू नको. अन् गावभर बोंबलू नको."

झिंग्याला मांडीशी घेतलं. गोळीवरच्या रेघेवर नख ठेवलं — टिच्! बरोबर दोन तुकडे. एक भाकरीत दाबून त्याच्या घशात. मी तोडतो तर चुरा होतो. तिच्या बोटांत काय आहे कोण जाणे!

झिंग्या घोरतो आहे. मला कसली झोप.

७ जानेवारी १९९९

पुडी आल्यापासून फिट नाही. एकही नाही. झिंग्या सुस्तावला आहे, दिवसभर खायला मागतो. घाटावर आचल दिसली की मला सोडून तिच्याकडे पळतो. मी जळतो — कुत्र्यावर!

आज इतवारीशी पुन्हा लागली. जाळं कोणाचं आधी पडलं यावरून. आचल कपडे आपटत ऐकत होती. म्हणाली, "तू कधी चूप बसत नाईस का गा? मनात आलं का तोंडात आलंच. एक दिवस तरी चूप राहून दाखव."

"दाखवलं तर काय देशील?"

हसली. पुन्हा कपडे आपटायला लागली.

२४ जानेवारी

भद्रावतीचे पाहुणे येऊन गेले. पोरगा फॅक्टरीत पर्मनंट. क्वार्टर. स्कूटर. मिशीला तेल लावून आला होता. पसंत आहे म्हणे! त्याला कोणी विचारलं?

आचलला विहिरीवर गाठलं. म्हटलं, नाही म्हण.

"माह्या म्हणण्यानं काय होते? मले कोणी विचारलं?"

"मग मी बोलतो."

"बोल ना. तुले कोणी धरलं?"

गेलो. केवळरामभाऊ ओसरीत जाळं विणत होते. वर पाहिलंच नाही. गोंडपिपरीच्या बरणीची बातमी त्यांच्यापर्यंत पोचलेली. "माह्या पोरीले खायले काय घालशीन? कुत्र्याच्या गोळ्या?" मी त्यांच्या हातातलं जाळं ओढून अंगणात फेकलं. चार जणांनी धरून बाहेर काढलं. आचलची माय, कुंताबाई, तिनं माझ्या तोंडावर दार लावलं.

नीट दोन वाक्यं बोलायची होती. तीच राहिली.

११ फेब्रुवारी

आचल दिसली की वाट बदलते. गोळ्या मात्र येतात. तिची चुलतबहीण वच्छला आणून देते.

झिंग्या मजेत. फिट आता मलाच यायची बाकी आहे.

७ मार्च

वच्छला पाकिटंच घेऊन आली. पूर्ण. तोडलेली नाहीत.

"एवढ्या कायले?"

"मले काय माहीत? म्हणाली, सगळ्या देऊन दे."

कळलं! भद्रावतीवाल्याशी लग्न पक्कं करायचं साक्षगंध आठ दिवसांवर आलं, म्हणून लाच. कुत्रा सांभाळ, मला विसर! पाकिटं तळ्यात फेकायला उठलो. झिंग्या कागदाच्या आवाजानं शेपटी हलवत पुढे आला. त्याला वाटलं भाकर.

नाही फेकली.

१५ मार्च

काल साक्षगंध झालं. म्हणजे झालं आणि नाही झालं.

जाणार नव्हतो. गेलो. मुद्दाम वाढायला उभा राहिलो. बघू दे तिला, म्हटलं. भद्रावतीच्या बायकांनी तिला कुंकू लावलं, ओटीत साडी-नारळ घातला. उठताना तिच्या तोंडून एक बारीक आवाज निघाला. तो आवाज मी ओळखतो. पडण्याआधी झिंग्या तसाच करतो.

मग सगळं तसंच. लाकडासारखी. फेस. डोळ्यांत कोणी नाही.

कोणी कांदा फोडला. इतवारी चप्पल घेऊन नाकाशी. एक बाई चमच्यानं दात उघडायला लागली. मी भाताचं टोपलं टाकलं आणि घुसलो. "सरका! कुशीवर घ्या! तोंडात घालू नका काही!" सगळ्यांना ढकललं. तिला कुशीवर केलं, डोक्याखाली माझं उपरणं ठेवलं.

नवऱ्याचा काका वरून म्हणाला, "तू डाक्टर व्हय का?"

"माह्या कुत्र्याले येते हे! मले माहीत आहे!"



कुंताबाईनं माझ्याकडे पाहिलं. आधी भीती होती. मग त्या भीतीतच काहीतरी सापडल्यासारखं झालं तिला, आणि ती छाती पिटत ओरडली, "याच्या कुत्र्याचीच लागली वं माह्या पोरीले! लाळ लागली! घाटावर अंगाशी घेत होती त्याले!"

लागली, लागली — सगळ्या मांडवात तेच.

सकाळपासून पाळीवर बसलो आहे. एकेक करून कळतं आहे. ते नख. ती रेघ. वर्षानुवर्षं गोळी तोडल्याशिवाय कोणाला असं तोडता येत नाही. नागपूरचा मामा कशाला गोळ्या पाठवेल कुत्र्यासाठी? तो भाचीसाठी पाठवत होता. तिच्याच तोंडातल्या गोळ्या झिंग्याच्या घशात गेल्या, आणि मी म्हणालो लाच!

१६ मार्च

कुंताबाई आली. एकटी. झिंग्या बाजेखाली झोपलेला.

"तुले समजलं ना?"

"हाव."

"लहान होती तवापासून आहे. घरच्याशिवाय कोणालेच माहीत नाई. पाव्हणे म्हणून राह्यले, कुत्रा गेला अन् पोरगी चांगली राह्यली, त लगन करू. तू बोलला, त जल्मभर घरात बसन."

"कुत्र्यापासून लागत नाही, बाई."

"मले नाई का माहीत?"

"आचलला विचारलं?"

"तिले काय विचारायचं? रडून राह्यली नुसती. गोळ्या आता मीच चारून राह्यली, समोर बसून."

जाताना वाकून झिंग्याच्या डोक्यावरून हात फिरवला. तेवढं केलं नसतं तर मी तिला शिव्या तरी देऊ शकलो असतो.

एक शब्द! "तिला आधीपासून आहे" — एवढंच. झिंग्या वाचतो, लग्न मोडतं, आचल गावात राहते. सगळं मला पाहिजे तसं. आणि तिचं काय? मिरगीवाली म्हणून गाव बोट दाखवणार. ते माझ्यामुळे?

१७ मार्च

सोसायटीच्या शेडात बैठक. भद्रावतीचा काकाही आलेला. "कुत्रा गावात राह्यला त लगन नाई." इतवारी म्हणाला, त्याच दिवशी मारू देल्ला असता त ही पाळी आली नसती. केवळरामभाऊ खाली मान घालून. पहिल्यांदाच मला त्यांची कीव आली.

आचल दारात उभी. कुंताबाईनं तिचं मनगट धरलेलं. आचल माझ्याकडे पाहत होती. एकटक. एवढा वेळ तिनं माझ्याकडे कधीच पाहिलं नव्हतं. मला पक्कं कळलं — चूप राहा म्हणते आहे. चूप राहून दाखव.

शब्द जिभेवर होता. गिळला. आयुष्यात पहिल्यांदा!

म्हटलं, दुसऱ्या कोणी हात लावायचा नाही. मीच बुडवतो.

नदीवरचा डोंगा घेतला. झिंग्या उडी मारून पुढे बसला, त्याला वाटलं मासोळीला चाललो. वैनगंगेच्या मधल्या डोहापाशी वल्हं थांबलंच नाही. पलीकडे, गडचिरोलीच्या बाजूला, लालसूचं गाव. होस्टेलात माझ्याच खोलीत होता. झिंग्याला त्याच्याकडे ठेवलं, पाकिटं त्याच्या हातात दिली, नखानं तोडायचं शिकवलं. त्याचाही चुराच झाला.

परत आलो तेव्हा हातात ओली दोरी. इतवारीनं बिडी दिली. "मर्द आहेस गा."

बिडी पाण्यात फेकली.

१२ एप्रिल

लालसूकडच्या गोळ्या संपत आल्या. कुंताबाईकडे गेलो. म्हटलं, थोड्या तरी द्या.

"कोणासाठी? कुत्रा त मेला ना?" — मोठ्यानं. मागे ओसरीत भद्रावतीचे लोक बसलेले.

चूप बसलो. आता सवय होत चालली.

२८ एप्रिल

चंद्रपूर. माणसांचा डॉक्टर.

कोणाला येते? मला. कधीपासून? लहान होतो तेव्हापासून. जीभ चावली जाते? हो. नंतर माणसं ओळखू येतात? नाही, झुडपात डोकं घालून उभा राहतो — हे तोंडातच ठेवलं.

चिठ्ठीवर माझं नाव. मेडिकलवाल्यानं वर पाहिलंसुद्धा नाही. एवढं सोपं होतं! डिसेंबरात बरणी फोडण्याऐवजी एक खोटं बोललो असतो तर!

२९ एप्रिल

लालसू पलीकडच्या काठावर वाट पाहत बसला होता. डोंगा टेकायच्या आधीच उठून उभा राहिला.

"एक झाली का दुसरी. थांबलीच नाई रे. मी कुशीवर धरून होतो."

मोहाच्या झाडाखाली पुरला आहे. गोळ्या खिशात घेऊन परत आलो.

५ मे

लग्न झालं. वाढायला होतो. कोणाशी भांडलो नाही. बाप म्हणाला, सुधारला पोट्टा.

२२ मे

आचल माहेरी आली आहे. घाटावर वच्छलाला पुढे पाठवलं, आणि घागर घासत, माझ्याकडे न बघता विचारलं, "झिंग्या कुठी आहे? तू काही त्याले बुडवला नसशीन."

मी पलीकडच्या काठाकडं बोट दाखवलं, मग नाही म्हणून मान हलवली. तिला कळलं. घागर उलटी करून बूड घासायला लागली. मग म्हणाली, "साक्षगंधाच्या आठ दिवस आधीपासून मी गोळी घेतलीच नाई. सगळ्या तुह्याकडं धाडल्या. माहीत होतं, पडीन. सगळ्यायसमोर पडीन, अन् तू सांगून देशीन. एवढा बोंबलणारा तू! मोडलं असतं रे लगन. शेडात तुह्याकडं पाहून पाहून डोळे दुखले माहे."

मी तोंड उघडलं.

"आता नोको बोलू," म्हणाली, आणि घागर पाण्यात बुडवली.