आत्याला नमस्कार, पहिल्या गिअरमध्ये

२ फेब्रुवारी, सोमवार
शाळा उघडली. नवी मोटारसायकल घेऊन गेलो. सगळे बघत राहिले. दुकानदार म्हणत होता, मास्तर, ती बुटकी घ्या, तुमचे पाय टेकतील. त्याला ऐकवलं की गाडी चालवायला घेतात, पाय टेकायला नाही. वेगात असली की बाणासारखी सरळ जाते. थांबायची वेळ दोनच ठिकाणी येते : शाळेची पायरी आणि घराजवळचं मोठं वारूळ. दोन्हीकडे पाय व्यवस्थित टेकतो.

३ फेब्रुवारी, मंगळवार
वाटेत नबोसाची, म्हणजे जिच्याशी मला लग्न करायचंय तिची, आत्या, नलुगवाबाई. डोक्यावर केळीचा घड. थांबून नमस्कार करायला हवा होता, पण जवळपास एकही वारूळ नव्हतं. हॉर्न दिला. आदराने दिला, दोनदा. ती घडासकट गवतात गेली.

६ फेब्रुवारी, शुक्रवार
नबोसा दवाखान्यातली ड्युटी संपवून थेट शाळेत आली. आत्याने विचारलंय म्हणे, हा मास्तर कोण एवढा मोठा लागून गेलाय, वडीलधाऱ्यांवर धूळ उडवत जातो? आणि एकदा नाही, चारदा!
हे वाईट झालं. आमच्याकडे लग्नाच्या बाबतीत आत्याने ‘चालेल’ म्हटल्याशिवाय मुलीचा बापसुद्धा तोंड उघडत नाही. मार्चच्या पहिल्या रविवारी ती काय ते सांगणार. नबोसा म्हणाली, तिनंच मला वाढवलंय, ती नाही म्हणाली तर माझंही नाही.
नबोसाला खरं कारण सांगणार होतो. म्हणालो, ब्रेक नवे आहेत.
संकल्प : गाडी हळू चालवायला शिकणे. आत्या चालत असेल तर तिच्या बरोबरीने. रात्र कशी गेली, घरचे कसे आहेत, शेत कसं आहे, गुरं कशी आहेत, असा अख्खा नमस्कार पाय न टेकता. आठवड्यात जमेल.

७ फेब्रुवारी, शनिवार
फुटबॉलचं मैदान. पाण्याचे पिवळे कॅन ओळीने मांडले. फोनवर एका परदेशी पोलिसाचा व्हिडिओ आहे, कॅनमधून साप जावा तसा जातो. मी कॅनवरून गेलो. ज्या कॅनकडे बघावं त्याच्याच अंगावर गाडी जाते. कॅन जरा जास्तच पिवळे आहेत.
नाक्यावर मोटारसायकलवरून भाड्याने माणसं नेणारा बोडावाला काटेन्डे न बोलावता आला. म्हणे, मास्तर, लांब बघा, क्लच अर्धा सोडा, मागचा ब्रेक दाबून ठेवा. मी म्हटलं, मी भौतिकशास्त्र शिकवतो. तो म्हणाला, मग पडता कशाला?

१४ फेब्रुवारी, शनिवार
आज पडलो नाही. गाडी बाजूला झोपवली, फरक आहे. पँट गुडघ्यावर फाटली. क्लच अर्धा सोडायचा असतो हे माझं मीच शोधून काढलं.

१७ फेब्रुवारी, मंगळवार
विहिरीपाशी आत्या! पहिला गिअर. ‘रात्र कशी गेली?’ इथपर्यंत उत्तम. मग गाडी कलंडायला लागली आणि मला पुढे जावं लागलं. ती ‘बरी गेली, तुझी—’ असं काहीतरी म्हणत होती.
नाक्यावर टिंगल चाललीय की मास्तर आज विचारतात, उत्तर न्यायला शुक्रवारी येतील. अडाणी लोक.

२१ फेब्रुवारी, शनिवार
साधलं! फणसाच्या झाडाभोवती सलग चकरा मारल्या. फणसाला पूर्ण नमस्कारही केला. त्याची गुरं कशी आहेत ते विचारत होतो, तेवढ्यात शाळेची स्वयंपाकीण पाण्याला आली. ती पाणी न घेताच परत गेली.

२४ फेब्रुवारी, मंगळवार
नबोसा म्हणाली, आत्या फार चिडलीय. तू एकदा घरी जाऊन बोल ना, माझ्यासाठी. म्हटलं, शनिवारी बघशील. तिच्या डोळ्याला डोळा देववला नाही मला.

२८ फेब्रुवारी, शनिवार
चढावर आत्या एकटी चालत होती. क्लच अर्धा, मागचा ब्रेक, नजर लांब. तिच्या बरोबरीने चाललो. रात्र, घरचे, शेत, शेळ्या, पाऊस, सगळं विचारलं, सगळी उत्तरं घेतली. पाय एकदाही खाली नाही! परदेशी पोलिसाला जमलं नसतं.
चढ संपल्यावर आत्या थांबली. म्हणाली, बाळा, माझ्या बापाच्या वयाची माणसंसुद्धा सायकलवरून उतरून नमस्कार करायची. तू एवढा वेळ वरूनच बोलतोयस. उतर की खाली.
उतरणार कुठे? सपाट रस्ता.
म्हटलं, येतोच. आणि गेलो. वारूळ येईपर्यंत जात राहिलो. मागे वळून बघायची हिंमत झाली नाही.

१ मार्च, रविवार
चालत गेलो. आत्याच्या अंगणात गुडघे टेकून, खाली बघत सगळा नमस्कार केला. तिने सगळ्याची उत्तरं दिली. मटोके, म्हणजे कच्च्या केळ्यांचा उकडून केलेला गोळा, आणि शेंगदाण्याचं कालवण पुढे ठेवलं. मग म्हणाली, आता उभा राहा, बघू दे तुला नीट.
उभा राहिलो.
म्हणाली, उभा राहा म्हटलं.
म्हटलं, उभाच आहे.
तिने मला डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळलं. मग म्हणाली, अरे देवा, तुझे पायच पोचत नव्हते होय? आणि मी मेली तुला गर्विष्ठ समजले! पहिल्याच दिवशी ओरडून सांगायचंस ना, आत्या, थांबता येत नाही! मी हसले असते रे.
मग तिचा आवाज खाली आला. काल संध्याकाळीच भावाला, नबोसाच्या बापाला, निरोप धाडला म्हणाली. नाही म्हणून. त्याने रात्रीच नबोसाला मागणी घातलेल्या दुसऱ्या घरी होकार कळवला. आता शब्द कसा फिरवू, मास्तर?
नबोसा दाराशी उभी राहून ऐकत होती. तिने विचारलं, एवढंच होतं? तुझी उंची मला काय दिसत नव्हती? मला का नाही सांगितलंस?
मटोके गार झालं. मी तसाच उभा होतो.