नळी बदलेपर्यंत

३ मार्च

पंधरा वर्षांनी उगवला आणि आल्या आल्या माझ्या चांगल्या चटईवर आडवा! हळदीत बुडवून काढल्यासारखा पिवळा, डोळेसुद्धा. आणि वर मला नावानं हाक मारून विचारतो, "बुआलाई, भात झालाय का?" हा खामपुन. माझा एकेकाळचा नवरा. खोन केनच्या इस्पितळातून सुटला तो थेट माझ्या दारात!

नदीचे मासे जन्मभर कच्चे खाल्ले, आता पित्ताच्या वाटेत खडे अडकलेत. कॅन्सर नाही म्हणे. सगळे खडे निघाले नाहीत, म्हणून पित्त वाहतं ठेवायला आत प्लॅस्टिकची नळी घातलीय. तीन महिन्यांनी बदलायची.

आमच्यात घर बाईचं. हे माझ्या आईचं होतं, आता माझं. तोंडावर सांगितलं — नळी बदलेपर्यंत राहा. मग चालू लाग.

४ मार्च

नर्सचा फोन. नळी तुंबते, जागची सरकतेसुद्धा. "थंडी वाजून ताप आला, लघवी काळपट झाली, डोळे पुन्हा पिवळे दिसले, तर त्याच दिवशी आणायचं मावशी, दुसऱ्या दिवशी नाही!" रोज लिहून ठेवा म्हणाली. म्हणून ही वही. चौथीपर्यंत शिकले, ताप लिहायला तेवढं पुरे.

१४ मार्च

ताप नाही. पिवळेपणा उतरला. चिकट भात दोन माणसांचा खातो.

२३ मार्च

थोरली बहीण वान्दी कच्च्या माशाचं कोय घेऊन आली — लिंबू पिळून, मिरची मारून. "एवढ्याशानं काय होतंय गं?" वाटी हिसकावली आणि तव्यावर ओतली. "दोनदा मारलास बिचाऱ्या माशाला!" म्हणाली. खामपुन पोट धरून हसला. मीही. या घरात पुरुषाचं हसणं — जाऊ दे. ताप नाही.

२ एप्रिल

खुराडं दुरुस्त केलं. न सांगता! वाकडं झालंय, पण कोंबड्यांची तक्रार नाही.

९ एप्रिल

त्यानं अंगणात बसून खेन वाजवली, त्याची ती बांबूच्या नळ्यांची जुनी पुंगी. सूर फाटका. तरी गल्लीतल्या बाया नाचल्या. मी सगळ्यांत जास्त. गुडघे बोंबलतायत.

१३ एप्रिल

सोंगक्रान. नवं वर्ष, गल्लीभर एकमेकांवर पाणी, डोक्यावर आग ओकणारं ऊन, आणि हा गोधडीत! बादली घेऊन गेले, "ऊठ रे आळशा!" — तर दात कडकडा वाजतायत.

"पाण्याला भ्यालो गं."

खोटारडा! पापणी ओढली. डोळा पिवळा. उशाखाली तापाच्या गोळ्यांचं पाकीट, निम्मं संपलेलं. वान्दी म्हणे भूत लागलंय, आधी मांत्रिकाला बोलाव. म्हटलं, भूत नाही, नळी तुंबलीय! शेजाऱ्याच्या गाडीत घातला. रस्ताभर पोरं आम्हाला भिजवतायत, मी शिव्या घालतेय, ती ओरडतायत, "सुखी राहा मावशी!"

१५ एप्रिल

नळी बदलली. जुनी गाळानं गच्च होती. आणखी एक दिवस गेला असता तर हाती लागला नसता, असं डॉक्टर म्हणाले. आज ताप नाही. पेज प्यायला, वर खारट नाही म्हणून कुरकुरला. जगला!

मग विचारलं, तीन दिवस ताप का लपवलास? भिंतीकडे तोंड करून म्हणाला, "तूच म्हणालीस ना. नळी बदलेपर्यंत."

बाहेर जाऊन दोन आइसक्रीम आणली. दोन्ही मीच खाल्ली.

१९ एप्रिल

घरी आणला. सांगून टाकलं — नळीचं गेलं खड्ड्यात. राहायचं असेल तर घरच्या पितरांपुढे फुलं आणि दोन मेणबत्त्या ठेव, आमच्यात नवा जावई मागतो तशी माफी माग, आणि माझ्या खोलीत झोप. नसेल तर बोचकं बांध. ताप आला तर त्याच मिनिटाला बोलायचं. राहण्याचं उत्तर मात्र रविवारी, सूर्य डोक्यावर यायच्या आत. हो की नाही?